दोन मिनिटांची रात्र

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा. पण तो अमावास्येचा सण आहे ही गोष्ट आपण दिव्यांच्या झगमगाटात विसरून जातो. वर्षातली एक काळीकुट्ट रात्र आपल्या वाडवडिलांनी पणत्या लावण्यासाठी निवडली. त्या रात्री आकाशातही दिवे लागलेले असतात, आणि चंद्र नसल्यामुळे ते इतर रात्रींपेक्षा अधिक असतात. पण आपण खाली पाहतो. आपली पणती विझली की काय, शेजारच्यांची अधिक काळ कशी जळते, एवढ्यावरच आपला डोळा. लक्ष्मीपूजन झाले, फराळ झाला, फटाक्यांचा धूर निवला, की एकदा परसदारी जाऊन वर पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाचकांना सुचवायचे होते. ते सुचवायला मला एक जुनी हकिकत हाताशी सापडली आहे. ती आमच्या घरातली आहे, वऱ्हाडातली आहे आणि थोडीशी साऱ्या जगातलीही आहे.

मी राहतो केळापुरास. तालुक्याचे नाव केळापूर. पण कचेऱ्या, बाजार आणि गडबड सगळी शेजारच्या पांढरकवड्याला. आमच्या वाट्याला जगदंबेचे देऊळ, नवरात्रातली गर्दी आणि बाकीचे वर्ष शांतता. जवळून नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता जातो. त्याला आम्ही अजून जुन्या सवयीने सात नंबर म्हणतो. इतिहासाने या मुलखाकडे क्वचितच वळून पाहिले. १८१८ च्या एप्रिलात दुसरे बाजीराव पळता पळता पांढरकवड्याच्या बाजूस इंग्रजी फौजेच्या तडाख्यात सापडले, तेवढा एक प्रसंग. एरवी कापूस, तूर, सागाचे जंगल आणि टिपेश्वरचे वाघ. पण एक श्रीमंती आमच्याकडे आहे, आणि तिच्यावर अजून कुणी कर बसवलेला नाही. ती म्हणजे काळोख. घरामागच्या परसात लिंबाच्या झाडापलीकडे उभे राहिले, की पांढरकवड्याच्या दिव्यांचा उजेड पाठीमागे पडतो आणि बाकीचे आकाश आमचे असते.

शाळेतली नोकरी संपल्यावर मी एक दुर्बीण केली. 'केली' म्हणतो, पण त्यातला सहा इंची आरसा विकत आणला. नळी मात्र धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या पत्रेकाराकडून करून घेतली आणि बैठक आमच्या सुताराने सागाच्या फळ्यांची केली. नळी पाहून गावात बरेच दिवस समज होता, की मास्तरांनी ज्वारी साठवायची नवी सोय केली आहे. आरशाचा व्यास सहा इंच म्हणजे काही मोठी मिजास नव्हे. पण अंधाराला सरावलेल्या माणसाच्या डोळ्यात जेवढा प्रकाश शिरतो, त्याच्या साडेचारशे पटींच्या घरात प्रकाश हा आरसा गोळा करतो. एक भिंग लावले की पन्नासपट, दुसरे लावले की एकशेवीसपट मोठे दिसते. एवढ्या भांडवलावर माझा संसार चालतो.

२९ जानेवारी २०२५ ची रात्र सांगतो. बुधवार होता, पौषातली अमावास्या. हवा कोरडी, थंडी बेताची. सूर्य मावळून तासभर झाला असेल. पश्चिमेकडे शुक्र असा तळपत होता, की पहिल्यांदा पाहणाऱ्याने विमान म्हणावे. त्याच्या खाली, क्षितिजाकडे, मलूल शनी. डोक्यावर वृषभ राशीत गुरू, रोहिणीला अगदी खेटून. पूर्वेकडे पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ तांबूस मंगळ. चार ग्रह एका रात्रीच्या पंगतीला! नात सुट्टीची आली होती. तिला मी स्टुलावर उभी केली. शुक्र तिला चंद्राच्या सप्तमीच्या कोरीसारखा दिसला आणि "आबा, हा तर अर्धाच आहे!" म्हणून ती ओरडली. शनीची कडी त्या वर्षी आपल्याकडे धार करून होती. बिंबाला सुई टोचावी तशी ती दिसत होती. १६१२ साली हीच कडी अशीच बारीक झाली आणि गॅलिलिओला दिसेनाशी झाली. दोन वर्षांपूर्वी ज्याला त्याने तीन गोळ्यांचा ग्रह म्हटले होते, तो एकाएकी एकटा उभा पाहून बिचारा चक्रावून गेला. ती कडी आहे हे हायगेन्सने १६५९ साली ग्रंथ लिहून सांगितले, तोवर गॅलिलिओ जगात नव्हता.

गुरूचे चार चंद्र मोजून झाले तेव्हा नात म्हणाली, "आबा, तुमच्या आजोबांकडे होती का दुर्बीण?"

नव्हती. पण पौषातली अमावास्या होती. आणि मला जी गोष्ट आठवली ती तिला तिथेच सांगितली.

माझे आजोबा यवतमाळजवळच्या एका खेड्यातले. घरची शेती, घरच्या गाड्या. त्या काळी यवतमाळला रेल्वे नव्हती; कापूस गाड्यांत भरून तीसेक मैलांवरच्या धामणगाव स्टेशनला न्यायचा. १८९८ च्या जानेवारीत, पौष अमावास्येच्या दिवशी, शनिवारी, ते आपल्या वडिलांच्या गाड्यांबरोबर त्या वाटेवर होते. वय अकरा. पंचांगात ग्रहण लिहिलेले होते आणि भटजींनी वेळही सांगितली होती. दुपारी गाड्या एका आमराईत सोडल्या. गडीमाणसांनी पोराला गाडीखाली बसवले आणि वरून घोंगडी टाकली. "उघडशील तर आंधळा होशील," एवढी ताकीद.

आजोबा ही गोष्ट पुष्कळदा सांगत, आणि तिची मौज ही, की त्यांनी ग्रहण पाहिलेले नव्हते. ते ऐकलेले होते. उकाडा एकदम कमी झाला. कावळे बोलत बोलत झाडावर येऊन बसले. बैलांच्या गळ्यातल्या घंटा थांबल्या. कुठेतरी रातकिडे सुरू झाले. मग माणसांचा एक आवाज, ओरडणे नव्हे, श्वास आत ओढल्यासारखा. म्हणजे ज्यांनी पोराला घोंगडीखाली घातले, त्यांतल्या कुणी ना कुणी वर पाहिलेच! आणि थोड्या वेळाने कोंबडा आरवला. "दोन मिनिटांची रात्र झाली," असे आजोबा म्हणत, "आणि मी ती घोंगडीच्या आत काढली." पुढे धामणगावला पोचल्यावर त्यांना कळले, की पुढच्याच तळणी स्टेशनाजवळ साहेब लोकांनी तंबू ठोकले होते आणि एक मडमसाहेब सूर्याचा फोटो काढायला आली होती.

ही मडमसाहेबाची गोष्ट आम्ही पोरे थापच समजत असू. पुष्कळ वर्षांनी, मास्तरकी करताना, मला ती छापील पुस्तकात भेटली. आजोबा तोवर गेले होते.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची सावली कोकणात विजयदुर्गाजवळ जमिनीवर चढली, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात आली, तळणी आणि पुलगाव ओलांडून मध्यप्रांतातून शहाडोलकडे आणि तिथून गंगेकाठी बक्सरकडे निघून गेली. नकाशा घेऊन या गावांमधून रेघ ओढा. महाराष्ट्र कोनाकोनी कापला जातो. त्या साली आमचा मुलूख कागदोपत्री निजामाचा, कारभाराने इंग्रजांचा होता आणि केळापूर हा वणी जिल्ह्याचा तालुका होता. यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ सालचे. रेघ पाहिली तर यवतमाळ सावलीच्या पट्ट्यात येते आणि केळापूर थोडक्यात दक्षिणेला राहते. म्हणजे आमच्या गावात त्या दिवशी सूर्याची बारीक कोर उरली असणार. थोडक्यात हुकणे हा आमच्या तालुक्याचा जुना शिरस्ताच आहे.

काळ चांगला नव्हता. दुष्काळ नुकताच सरत होता, मुंबई-पुण्याला प्लेगने धरले होते, आणि रँडच्या वधाला वर्षही झाले नव्हते. अशा दिवसांत देशोदेशीचे ज्योतिर्विद दोन मिनिटांच्या काळोखासाठी समुद्र ओलांडून आले. विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर आले. त्यांच्याविषयी आपल्याकडे एक समज रूढ आहे, की हेलियमचा शोध त्यांनी विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लावला. किल्ल्याचा अभिमान मलाही आहे, पण सत्य तेवढे सोडून द्यावे लागते. सूर्याच्या प्रकाशातल्या ज्या पिवळ्या रेघेवरून हेलियम ओळखला गेला, ती १८६८ सालची. त्या साली ग्रहण भारतातच झाले आणि जान्सेन हे फ्रेंच ज्योतिर्विद गुंटूरला होते, पण लॉकियर इंग्लंडात होते. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी, आणि तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. किल्ल्याला १८९८ चा मान आहे. तो पुरेसा आहे, दुसरा उसना कशाला घ्या?

जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल होते. त्यांच्याजवळ चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. त्याच जेऊरला आपल्या पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली तुकडी घेऊन उतरले होते. हे नाव आज किती घरांत ठाऊक आहे? पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिच्यातली वीस इंची परावर्ती दुर्बीण हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती, आणि तो मान तिने पुढे कित्येक दशके टिकवला. पण नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एक माणूस उठून गेला की दिवा मालवायचा, ही आपली पद्धत तिथेही पाळली गेली.

आता तळणी. तिथे उतरलेली मंडळी सरकारी नव्हती. १८९० साली इंग्लंडात हौशी ज्योतिर्विदांचा एक संघ निघाला होता, ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन; त्याची ही तुकडी. प्रमुख वॉल्टर मॉन्डर, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी अॅनी. आजोबांची मडमसाहेब ती हीच. जन्म १८६८, आयर्लंडमधला. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली. १८९१ साली ग्रिनिच वेधशाळेत महिना चार पौंडांवर 'गणक' म्हणून लागली. रोज सूर्याचे फोटो घ्यायचे आणि डाग मोजायचे. १८९५ साली तिने मॉन्डर यांच्याशी लग्न केले, आणि लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत जागा नाही, या नियमाप्रमाणे तिची नोकरी गेली. नवऱ्याची राहिली. एकाच वेधशाळेतल्या दोघांनी एकमेकांशी लग्न केले. एकाला घर मिळाले, दुसरीचे काम गेले. आपल्या घोंगडीला नावे ठेवताना मला ही गोष्ट आठवते. खिडक्या त्यांच्याकडेही बंद होत्या. फक्त त्यांच्या कड्या वेगळ्या होत्या.

पण ही बाई घरी बसली नाही. कॉलेजच्या एका शिष्यवृत्तीतून तिने एक लहानसे भिंग घेतले. व्यास दीड इंच! माझ्या परसातला आरसा त्याच्या चौपट रुंद आहे. ते भिंग घेऊन ती वऱ्हाडात आली. जेऊरच्या चाळीस फुटी कॅमेऱ्यापुढे हे म्हणजे तोफेपुढे गोफण. तरी तिने हिशोब केलेला होता. तो समजण्यासारखा आहे. तुपाचा एक चमचा घ्या. तो परातीएवढ्या भाकरीवर फिरवला तर तूप कुठे लागले ते शोधावे लागेल. लहान भाकरीवर फिरवला तर घासाघासाला लागेल. लांब कॅमेरा सूर्याचे चित्र मोठे करतो, म्हणजे प्रकाश पसरून टाकतो. जवळचा तेजस्वी भाग त्यात बारकाव्याने उमटतो, पण दूरचा अंधुक भाग काचेवर लागतच नाही. आखूड भिंगात चित्र लहान, पण प्रकाश दाट, आणि आजूबाजूचे आकाशही पुष्कळ मावते. खग्रास झाल्यावर सूर्याभोवती जे मोतिया रंगाचे प्रभामंडल दिसते, त्याचे दूरवर गेलेले धागे पकडायचे तर भिंग लहानच हवे.

आणि ते पकडले गेले. काळोख पडला तेव्हा जेमतेम दोन मिनिटे हाताशी होती. तेवढ्यात तिने घेतलेल्या काचांवर प्रभामंडलाचा एक किरण सूर्याच्या कडेपासून सुमारे साठ लाख मैल, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर, दूर गेलेला उमटला. एवढा लांब किरण तोवर कुणाच्या फोटोत आलेला नव्हता. सूर्य आपल्या अंगातून अवकाशात दूरवर काहीतरी भिरकावतो ही कल्पना पुढे पक्की झाली; सौरवात म्हणून आज तिच्याविषयी आपण वाचतो. तिच्या वाटेवरचा एक मैलाचा दगड आमच्या धामणगावशेजारी रोवलेला आहे, आणि तळणीच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

त्याच तंबूत जॉन एव्हरशेड नावाचे आणखी एक गृहस्थ होते. तेही हौशीच, इंग्लंडात घरी त्यांनी स्वतःची वेधशाळा थाटली होती. तळणीला त्यांनी ग्रहणाच्या प्रकाशाचे पृथक्करण केले आणि हायड्रोजनच्या प्रकाशाचा डोळ्यांना न दिसणारा, जांभळ्यापलीकडचा पट्टा काचेवर आणला. हिंदुस्थानने त्यांना पुन्हा बोलावले. १९०७ साली ते कोडाईकनालला आले, आणि सूर्याच्या डागातून वायू बाहेरच्या बाजूस वाहत असतात हा शोध त्यांनी १९०९ साली तिथे लावला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मॉन्डर पतिपत्नींनी पुढे सूर्याच्या डागांचा अकरा वर्षांचा फेर फुलपाखराच्या पंखांसारख्या आकृतीत मांडला. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच. त्या काळाला आज मॉन्डर यांचे नाव आहे. आणि अॅनीबाईंना लंडनच्या राजमान्य ज्योतिषसंस्थेची दारे उघडली ती १९१६ साली, बायकांना प्रवेश द्यायचे ठरल्यावर.

हे वाचले तेव्हा मला आनंद झाला आणि त्याहून अधिक चुटपुट लागली. एकाच दुपारी, काही मैलांच्या अंतरावर, एका बाजूला ती दीड इंची भिंग घेऊन उभी, आणि दुसऱ्या बाजूला माझे आजोबा घोंगडीखाली. आणि विशेष हे, की ग्रहणाची वेळ दोघांनाही ठाऊक होती! आमच्या भटजीबुवांचे गणित चुकले नव्हते. शेकडो वर्षे आपली पंचांगे ग्रहण वर्तवीत आली. आम्हाला वेळ कळायची ती लपण्यासाठी. त्यांना कळली ती पाहण्यासाठी. ज्ञान कमी नव्हते, उंबरा ओलांडायचा राहिला होता.

याच काळात उंबरा ओलांडा म्हणून सांगणारा एक मराठी माणूस होता, आणि तोही शाळामास्तर. शंकर बाळकृष्ण दीक्षित. दापोलीकडच्या मुरूडचे. मोठ्या पदव्यांचे पाठबळ नाही. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि त्याच्या जोडनावातच वाचकाला रात्रीच्या दोन घटकांची मौज देऊ केली. पुढे १८९६ साली 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा त्यांचा प्रचंड ग्रंथ निघाला. आपल्या पूर्वजांनी काय जाणले, कुठे चुकले, हे पूजा न करता आणि टवाळीही न करता तपासणारे असे पुस्तक आजही दुर्मीळ. ग्रहणाच्याच साली, १८९८ त, ते गेले. वय पंचेचाळिशीच्या आत. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली आणि हौशी मंडळी गच्चीगच्चीवर दुर्बिणी रोखू लागली, तेव्हा त्या दोन घटकांच्या मौजेचे बी रुजले होते असे म्हणायला हरकत नाही.

हैदराबादेकडेही असाच एक हौशी माणूस झाला. आमच्या सात नंबरने सरळ दक्षिणेला गेले की त्याचे गाव. नवाब जफर जंग यांनी विलायतेहून पंधरा इंची दुर्बीण आणवून १९०१ साली आपल्या जागेत वेधशाळा मांडली. त्यांच्या मागे १९०८ मध्ये निजाम सरकारने ती चालवायला घेतली. ती निजामिया वेधशाळा. तिथल्या मंडळींनी साऱ्या जगाच्या तारायादीतला आपला वाटा वर्षानुवर्षे फोटो काढून पुरा केला. म्हणजे उत्तरेला तळणी, दक्षिणेला हैदराबाद. मधे केळापूर, अंधार सांभाळीत बसलेले.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय आजोबांच्या घोंगडीला हसण्याचा मला हक्क नाही.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी पुन्हा खग्रास ग्रहण आले. पट्टा कर्नाटक-आंध्रातून ओरिसाकडे गेला. आमच्याकडे खंडग्रास, पण चांगले मोठे. मी अठ्ठावीस वर्षांचा, एका शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. ग्रहण कसे होते याची आकृती मी आठवडाभर आधी फळ्यावर काढली होती. सूर्य पिवळ्या खडूने, चंद्र पांढऱ्या. त्या दिवशी रस्ते ओस पडले. दारे बंद. काही मुले माझ्याकडे आली होती, कारण आकृती मी काढली होती. आणि मी काय केले? त्यांना एका खोलीत बसवले, खिडक्या लावून घेतल्या आणि गाण्यांच्या भेंड्या लावल्या. एखाद्याचा डोळा गेला तर आईबाप काय म्हणतील, ही भीती. डोळ्यांची भीती खोटी नव्हती; सूर्याकडे उघड्या डोळ्याने पाहू नये, हे आजही सांगतो, आणि दुर्बिणीतून तर कधीच नाही. पण कागदाला टाचणीने भोक पाडून सूर्याची कोर भिंतीवर पाडता येते, हे मला येत होते. पुस्तकात होते. ते मी केले नाही. एका मुलाने खिडकीच्या फटीतून आत आलेले प्रकाशाचे ठिपके जमिनीवर पाहिले. ते सगळे चंद्रकोरीसारखे झाले होते. "सर, हे काय?" त्याने विचारले. मी त्याला भेंडीचे अक्षर सांगितले.

घोंगडी निदान वडिलांनी टाकली होती. ही मी स्वतः शिवली होती.

पुढे २६ डिसेंबर २०१९ ला दक्षिणेत कंकणाकृती आणि आमच्याकडे खंडग्रास ग्रहण झाले. सकाळची वेळ. तेव्हा मी अंगणात पाटावर पांढरा कागद लावला आणि दुर्बिणीतून सूर्याचे बिंब त्यावर पाडले. नळीच्या तोंडाला पुठ्ठा लावून लहान भोक ठेवले होते, आणि भिंगाजवळ कुणाला फिरकू दिले नाही. गावातली तीस-चाळीस पोरे आली. म्हाताऱ्या आल्या. एक आजीबाई पदराआडून बराच वेळ पाहत होत्या, शेवटी म्हणाल्या, "अजी मास्तर, एवढंच असते व्हय? मंग आमाले काहून डांबून ठेवत होते?" मी निरुत्तर झालो. त्या खोलीतला तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल. कुठे असतो ठाऊक नाही. हा लेख त्याच्या घरी गेला तर बरे होईल. ते ठिपके सूर्याच्या प्रतिमा होत्या, बाबा. प्रत्येक फट एकेक दुर्बीण झाली होती. उत्तर यायला पंचेचाळीस वर्षे लागली.

ही सगळी हकिकत त्या पौष अमावास्येला परसात सांगून होईतो रात्र बरीच वर आली होती. थंडी वाढली, तशी आमच्या शेतावर राखणीला असणारे एक गोंड गृहस्थ, आम्ही त्यांना मामा म्हणतो, शेकोटीचे लाकूड घेऊन आले. दुर्बिणीत त्यांनी मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ पाहिला. कापसाचा पेळू धुरात धरावा तसा तो दिसतो. पाहून ते म्हणाले, "कापूस चांगला हाय जी, पन वेचनार कोन?" मग ईशान्येला सप्तर्षी वर येत होते, तिकडे बोट दाखवून त्यांनी नातीला आपली गोष्ट सांगितली. चौकोनाचे चार तारे ही म्हातारीची बाज. शेपटीचे तीन हे चोर. बाजेचे पाय मोलाचे, म्हणून चोर टपलेले. म्हातारी जागी, म्हणून चोरी अजून साधली नाही. टाटा संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, आंध्र आणि मध्यप्रदेशातल्या पंधराएक गोंड गावांत हिंडून अशा आकाशकथा गोळा केल्या. त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही बाज आहे, आणि मृगातले तीन तारे म्हणजे नांगर, हेही आहे. आम्ही मृगात हरिण आणि व्याध पाहिले. त्यांनी नांगर पाहिला. मामांच्या घरी पंचांग नव्हते, पण कुणी त्यांच्या डोक्यावर घोंगडीही घातली नव्हती. रात्री राखण करणाऱ्याला आकाश पाहण्यावाचून गत्यंतर कुठले?

नात पेंगुळली होती. जाताना मी दुर्बीण गुरूवरून किंचित सरकवली आणि रोहिणी दाखवली. दुर्बिणीतही ती नारिंगी ठिणगीच दिसते. मोठी होत नाही, कडी नाही, चंद्र नाहीत. "यात काय पाहायचं?" नातीने विचारले.

मी म्हणालो, "हा प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे पासष्ट वर्षे झाली. तेव्हा मी तुझ्याएवढा होतो, आठ वर्षांचा. आजोबा ओसरीवर बसून घोंगडीची गोष्ट सांगत होते. त्या सुमारास निघालेला प्रकाश आज तुझ्या डोळ्यात पोचतो आहे."

तिने पुन्हा डोळा लावला आणि या खेपेस बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "म्हणजे आजोबांचं पाहायचं राहिलेलं मी पाहते आहे."

तसे पाहिले तर आजोबांचे राहिले होते ते सूर्याचे प्रभामंडल, रोहिणी नव्हे. पण मास्तरकीची चाळीस वर्षे झाल्यावर कोणती चूक दुरुस्त करायची आणि कोणती तशीच राहू द्यायची, एवढे कळू लागते.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपार कलल्यावर महाराष्ट्रात खंडग्रास ग्रहण आहे. श्रावणाच्या तोंडाचे ढग असतील, नसतील. असले तरी पाटाला पांढरा कागद लावून मी अंगणात बसणार आहे. तोवर ही दिवाळी आहे, अमावास्या आहे. पणत्या लागल्या, फराळ झाला, की घरातल्या लहानग्याचा हात धरा आणि परसदारी या. दुर्बीण हवीच असे नाही. दिव्यांकडे पाठ करून पाच-दहा मिनिटे उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. उत्तरेला तोंड करून हात लांब धरलात, तर क्षितिजापासून दोन मुठींवर ध्रुव भेटेल. निदान केळापुरात तरी तो तिथेच असतो. पुढची ओळख तो स्वतः करून देईल.